पिवळ्या गाडीची डावी सीट

मी, श्रीमती नूतन प्रेमराज छाजेड, वय सदुसष्ट, राहणार मेहरूण, जळगाव, हे मृत्युपत्र स्वखुशीने, स्वतःच्या हाताने आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचे प्रयत्न झाले, पण ते माझ्याच मुलाने केल्यामुळे फसले. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, असा दाखला डॉ. रूही पिंजारी यांनी दिला आहे. त्यांनी मला वार आणि महिना विचारला. मी तो सांगितला आणि तुमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे, हेही सांगितले. त्यांनी लगेच सही केली.

आजाराचे नाव येथे लिहून त्याला मान देण्याची माझी इच्छा नाही. पुढच्या दिवाळीचा विषय काढला की डॉक्टरबाई रिपोर्ट चाळू लागतात, एवढे पुरे.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी मुलावर चिडून केले होते आणि त्यात सर्व काही पांजरपोळाला दिले होते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. कोकिळा सोनवणे यांनी करावी. त्यांनी मसुद्यातील काही वाक्यांखाली पेन्सिलने रेघा ओढून 'आवश्यक आहे का?' असे विचारले होते. त्या रेघा मी खोडल्या आहेत.

कलम १. मेहरूणचे घर माझ्या नावावर आहे. ते माझा मुलगा अर्हम यास मिळावे. गच्चीची गळतीही त्यालाच मिळावी, कारण ती इतकी वर्षे त्यानेच सांभाळली आहे. मात्र तळमजल्यावरची पूर्वेची खोली माझ्या थोरल्या जाऊबाई श्रीमती धनकुंवर सुरेशचंद छाजेड यांच्याकडे त्या हयात असेपर्यंत राहील. त्यांना मूलबाळ नाही. दीर गेल्यापासून त्या आमच्यातच आहेत. घरात सगळे त्यांना जीजी म्हणतात, म्हणून पुढे मीही तेच लिहिते.

कलम २. धरणगावच्या कापूस जिनिंगमधला माझा हिस्सा अर्हमला. बँकेतल्या ठेवी अर्हम आणि त्याची मुलगी विधी यांना निम्म्या-निम्म्या. माझी इंग्रजी पुस्तके माझ्या कॉन्व्हेंट शाळेला द्यावीत. त्यांतली काही तिथलीच आहेत.

कलम ३. आता गाडी. पिवळी, दोन दारांची, दोनच सीटची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार. प्रेमराज गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मी ती माझ्या माहेरच्या पाटल्या मोडून जुनी विकत घेतली. त्यामुळे तिच्यावर फर्मचा, कुटुंबाचा किंवा समाजाचा हक्क नाही. समाजाने मत दिले होते, ते मी ऐकून घेतले.

गाडी चालवायला मला सिस्टर फिलोमिना यांनी शिकवले. त्या शाळेची जीप स्वतः चालवत, आणि वळणावर त्यांचा डोक्यावरचा रुमाल मागे असा उडे की आम्ही मुली अभ्यास सोडून खिडकीत जमायचो. दहावीच्या सुट्टीत त्यांनी मला मैदानावर जीपमध्ये बसवले. "मुली, क्लचवर राग काढू नकोस. त्याने तुझं काही केलेलं नाही." मग माझे लग्न झाले आणि मी आयुष्यभर मागच्या सीटवर बसून डबे सांभाळले. प्रेमराज फार चांगला माणूस होता. धरणगाव ते जळगाव तो तिसऱ्या गिअरमध्ये यायचा आणि म्हणायचा, "इंजिनालाही जीव आहे, नूतन." मला अजूनही हायवेवर तिसरा गिअर ऐकू आला की मी वळून बघते.

गाडीवरचे सगळे काम धुळ्याच्या अतिक मिस्त्रींनी केले. गाडीतले आपल्याला सर्व कळते, असे त्यांचे स्वतःचे मत आहे. गाडी पहिल्यांदा रेसिंगसाठी हलकी करायची ठरली, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी एसी काढला.

"अतिकभाई, महिना कोणता?"

"एप्रिल, अक्का."

"आणि गाव?"

"अक्का, रेसिंगमा एसी नसस."

मग ती गाडी ते स्वतः भर दुपारी धुळ्याहून जळगावला घेऊन आले. उतरले, तांब्याभर ताक प्यायले, आणखी एक तांब्या प्यायले आणि गाडी परत नेऊन एसी बसवून आणला. त्यांच्या कर्तबगारीचे मात्र मी कौतुकच करते. त्यांनी बसवलेले सस्पेन्शन वर-खाली करता येते. खालचे सेटिंग ट्रॅकचे. वरचे जीजींचे, कारण आमच्या रस्त्यावरचे स्पीडब्रेकर आणि जीजींचे गुडघे यांना ते लागते. ट्रॅकचे चार टायर, दोन्ही जॅक आणि पाने अतिकभाईंना द्यावेत. ते तसेही त्यांच्याकडेच असतात.

ट्रॅक म्हणजे नरडाण्याच्या एका बंद सूतगिरणीचे आवार. महिन्यातल्या एका रविवारी, मालकांच्या परवानगीने, तेथे हेल्मेट घालून, घड्याळ लावून गाड्या पळवतात. पहिल्या खेपेस तिथल्या मुलांनी मला कोणाची तरी आई समजून सावलीत खुर्ची दिली. आता देत नाहीत. बाकीचे दिवस हीच गाडी सकाळी जीजींना प्रवचनासाठी जैन स्थानकात नेते आणि येताना भाजी आणते. साध्वीजींचे अपरिग्रहावरचे प्रवचन ऐकायला जीजी स्पोर्ट्स कारमधून उतरतात. उतरवायला दोघी लागतात.

कलम ४. एक जुना हिशेब. गाडीला नवे मोठे ब्रेक बसवले ते धनत्रयोदशीला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जीजींनी घरातल्या सगळ्या नव्या वस्तूंची पूजा केली. चाकांच्या फटींतून त्यांना ब्रेकच्या चकचकीत चकत्या दिसल्या. नव्या कोऱ्या, चांदीच्या ताटल्यांसारख्या. जीजींनी बोटे आत घालून चारही चकत्यांवर स्वस्तिक काढले. पाण्यातले कुंकू पुसले जाते, म्हणून ते तुपात कालवले.

मी गाडी बाहेर काढली. ब्रेक दाबला. गाडी रांगोळीवरून गेली, पणत्या विझवत गेली आणि अर्हमच्या हार घातलेल्या नव्या गाडीला टेकली. जीजी पायरीवर उभ्या होत्या.

"मी शुभ-लाभासाठी काढलं होतं. तू बघून चालवायचं."

"जीजी, ब्रेकला तूप लावतात का?"

"मग कशाला लावतात? तेल?"

त्या प्रसंगाबद्दल मी त्यांना माफ केलेले नाही. दर संवत्सरीला, क्षमा मागायच्या दिवशी, मी त्यांना हात जोडून मिच्छामि दुक्कडम म्हणते, ते ब्रेक वगळून.

कलम ५. उठावण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या, जाहिरातीत मला धर्मपरायण म्हणू नये. प्रवचनात मला झोप लागते हे सर्वांना माहीत आहे. फोटो हेल्मेट काखेत घेतलेला छापावा. माझ्या नावाने पाणपोई बांधायची झाल्यास तिच्यात पाणी असावे.

कलम ६. हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्यासाठीच बाकीचे लिहिले.

माझ्या मागे गाडीचे काय, यावर घरात तीन मते आहेत. अर्हमला ती विकायची आहे. अतिकभाईंना आणि विधीला वजन कमी करायला तिची डावी सीट कायमची काढून आत, गाडी उलटली तर वाचवणारा, लोखंडी पिंजरा बसवायचा आहे. सध्या दर ट्रॅकच्या आदल्या दिवशी ती सीट निघते आणि नंतर परत बसते. "दादी, बोल्ट झिजतात," विधी म्हणते. विधी येथेच नोकरीला आहे, माझ्यापेक्षा वेगाने गाडी चालवते आणि वळणावर माझ्यासारखी ओरडत नाही. अतिकभाई म्हणतात, "अक्का, ती सीट म्हणजे एक माणूस शे. रिकामं माणूस कशाले फिरावतस?"

अर्हम म्हणाला, "मम्मी, जीजींना ड्रायव्हर ठेवतो ना."

"त्याच्याशी त्या काय बोलणार?"

"बोलायचं कशाला? स्थानक इथे तर आहे."

स्थानक इथेच आहे, हे खरे. म्हणून मी मेहरूण तलावाला पूर्ण वळसा घालून जाते. घरात जीजी बोलत नाहीत. जेवलात का विचारले की हो म्हणतात, औषध घेतले का विचारले की हो म्हणतात. घरात सगळे त्यांच्याशी फार चांगले वागतात आणि कोणी थांबत नाही. गाडीत मात्र त्या पोटभर निंदा करतात. व्याह्यांची, शेजाऱ्यांची, नव्या ट्रस्टींची, माझी. प्रवचनावरून येताना तर जास्तच. मी गेल्यावर त्या पुन्हा फक्त हो म्हणत राहतील, याची मला आजारापेक्षा जास्त भीती वाटते.

म्हणून गाडी विधीला देत आहे. डाव्या सीटवर मात्र जीजींचा हयातभर हक्क राहील. ट्रॅकसाठी सीट काढली तर सोमवारी सकाळी प्रवचनाआधी ती जागेवर हवी. जीजी असेपर्यंत विधीने गाडी विकल्यास ती अतिकभाईंकडे जाईल, आणि मग ते तिच्यातून काय काय काढतील याची जबाबदारी माझी नाही.

हे कलम मी काल जीजींना वाचून दाखवले. विधी तिथेच बसून हेल्मेटचा पट्टा शिवत होती. जीजींनी सगळे ऐकले आणि चष्मा काढला.

"खोड ते. पोरीला बांधू नकोस. मी गाडीत बसते ती तुझ्याशी बोलायला. हिच्याशी काय बोलू? कोणाची निंदा करू, हिच्याच आईबापाची?"

विधीने मान वर केली नाही. दोरा दाताने तोडत म्हणाली, "करा की, जीजी. मलापण त्यांच्याबद्दल बरंच सांगायचंय."

जीजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "तलावावरूनच नेशील ना?"

तेव्हा कलम खोडलेले नाही. त्याला एवढीच पुरवणी जोडते: या गाडीत या दोघींमध्ये जे बोलणे होईल, त्यावर माझा मुलगा अर्हम याचा किंवा त्याच्या वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही, आणि त्यांनी ते ऐकण्याचा प्रयत्न करू नये.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, जीजींना दोनदा ऐकवून, खालील दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांनीही माझ्या देखत सह्या केल्या.

सही: नूतन प्रेमराज छाजेड

साक्षीदार:
१. डॉ. रूही मोईज पिंजारी, जळगाव
२. उखर्डू वना महाजन, जिनिंगचे निवृत्त मुकादम, धरणगाव

ठिकाण: जळगाव
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५