हजेरी बत्तीस

३ फेब्रुवारी १९८२, सकाळ
डायरी मिळाली. गेल्या वर्षाची आहे, त्यामुळे वार चुकतात, पण तारखा बरोबर आहेत. आजपासून रोज लिहायचं. माणसाने रेकॉर्ड ठेवलं पाहिजे.

रेकॉर्डसाठी: मी भालचंद्र खानझोडे, मूळ नागपूर, सातवी पास. फॅक्टरीच्या टाइम ऑफिसात एकतीस वर्षं. रिटायर झाल्यावर टाउनशिपच्या नर्सिंग होस्टेलच्या गेटवर. नर्सिंग शिकणाऱ्या बत्तीस मुली. त्यांची सगळी शिस्त माझ्यावर आहे. वॉर्डन निर्मला सिस्टर आहेत, पण त्या फक्त सह्या करतात.

गेटवरच्या नोकरीची मुदत अठ्ठावीस तारखेला संपते. सिस्टर म्हणाल्या, बावीसला नर्सिंग शाळेची तपासणी आहे, ती नीट पार पडली तर मुदतवाढीसाठी लिहीन. मला काळजी नाही. फक्त झोप येत नाही, छातीत डावीकडे टोचतं आणि भूक गेली आहे.

निश्चय: आजपासून कडक वागायचं.

५ फेब्रुवारी, रात्रीचं जेवण झाल्यावर
रोज साडेसातला हजेरी. मुली व्हरांड्यात उभ्या राहतात, मी मोजतो. आजारी असेल ती गेटशेजारच्या सिक-रूममध्ये. पुरुषांना आत मनाई, म्हणून दारातून बघायचं. नियम म्हणजे नियम.

आज वैजयंती आजारी. इंदूरची, सेकंड इयर, तोंडाची टकळी कधी बंद नाही. तिची मैत्रीण सुचेता म्हणाली, ताप आहे. दारातून बघितलं. नाकापर्यंत ब्लँकेट, वर केस. कसं वाटतंय विचारलं. उत्तर नाही. ताप आला की मुली सुधारतात.

हजेरी बत्तीस. पूर्ण.

६ फेब्रुवारी
सकाळी वैजयंती कँटीनसमोर पोहे-जलेबी खाताना दिसली. विचारलं. म्हणाली, काका, ताप संध्याकाळी सहालाच येतो. बरोबर आहे. चोपन्न साली इटारसीला मला असाच यायचा. तिला सगळी हकीकत सांगितली. तिला उशीर होत होता तरी अर्धी ऐकली.

संध्याकाळी पुन्हा सिक-रूम. हजेरी बत्तीस.

८ फेब्रुवारी
घरून वैजयंतीसाठी खिचडी नेली. मालती डबा भरताना म्हणाली, चौतीस वर्षांत माझ्या तापात तुम्ही कधी पाण्याचा पेला दिला नाहीत. मी म्हटलं, ते घर आहे, ही ड्यूटी आहे.

डबा सुचेताकडे आत पाठवला. दहा मिनिटांत चाटूनपुसून परत आला. म्हणजे भूक लागायला लागली. गुण येतोय.

१० फेब्रुवारी
हजेरीनंतर दारात उभं राहून वैजयंतीशी थोडं बोललो. टाइम ऑफिसात माझ्यावर झालेला अन्याय, जावयाचा स्वभाव, पोटातला गॅस. पाऊण तास. एकदाही मध्ये बोलली नाही. कूसही बदलली नाही. आजकालच्या मुलींत असं ऐकणं राहिलेलं नाही. संस्कार चांगले आहेत.

१२ फेब्रुवारी
आज आठवा दिवस. टायफॉइड असेल का? मलाही लागला असेल का? घशात खवखव आहे. मिठाच्या गुळण्या चार वेळा. सिस्टरना सांगावं असं वाटलं, पण तपासणीच्या तोंडावर साथ निघाली तर मुदतवाढ गेलीच. सांगितलं नाही. हा निर्णय विचार करून घेतला आहे.

१३ फेब्रुवारी
आज अक्षर वाकडं येईल.

संध्याकाळी सहाला जिन्यावर धाडकन आवाज झाला. धावलो. सुचेता आणि तिच्या वर्गातली अनुराधा वैजयंतीला हातापायांना धरून खाली आणत होत्या. म्हणजे अनुराधाने पाय धरले होते. सुचेताच्या हातात नुसता हात होता. बाकीची वैजयंती चार पायऱ्या खाली.

पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा पाच मुली माझं बीपी घेत होत्या आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा येत होता.

ती वैजयंती नव्हती. प्रॅक्टिस-रूममधली डमी होती. रबराची बाई. तिच्यावर मुली पट्ट्या बांधायला, अंग पुसायला शिकतात. मुलींनी तिचं नाव सुमित्राबाई ठेवलंय. रोज संध्याकाळी तिला सिक-रूममध्ये झोपवायचं आणि वैजयंतीने सहाच्या शोला जायचं. तेवढ्यात खरी वैजयंती गेटातून आत आली. आज तिकीट मिळालं नव्हतं. हातात शेंगदाणे.

मला पहिल्या दिवसापासून संशय होता. मी फक्त पाळत ठेवून होतो.

सिस्टरना लेखी रिपोर्ट देणार, असं ठणकावलं. वैजयंती शेंगदाणा सोलत म्हणाली, "द्या ना काका. पण हजेरीवर सही तुमची आहे. आठ दिवस बाहुलीला हजर लावलीत, तिला पोटातला गॅस सांगितलात, तेही लिहा."

रिपोर्ट अर्धा लिहिला. मग फाडला. पेन बरोबर चालत नव्हतं.

१५ फेब्रुवारी
सुमित्राबाईच्या दुरुस्तीचं काम मी हातात घेतलं. दुरुस्तीला आलेल्या माणसाला आत मनाई नाही. एकतीस वर्षं फॅक्टरीत काढली आहेत. मुलींनी वॉर्डातून प्लास्टर आणलं, मी फॅक्टरीतल्या जुन्या ओळखीने सरस आणला. हात बसवला. उलटा बसला. काढायला गेलो तर माझा पंजा तिच्या पंजाला चिकटला. तेवढ्यात सिस्टरांचा राउंड. पळत जाऊन गेटवरच्या खुर्चीत बसलो. खांद्यापासून निघालेला तो हात शालीखाली घेतला. सिस्टरनी विचारलं, थंडी वाजतेय का? हो म्हटलं. अर्धा तास मी एका बाईचा हात हातात धरून बसलो होतो. मालतीला सांगायचं नाही.

सुटताना डमीची तीन बोटं माझ्याकडे राहिली. पुढे मान सरळ करायला गेलो तर मानही आली. सुमित्राबाई संपली.

१८ फेब्रुवारी
मुलींची मीटिंग झाली. मला बोलावलं होतं, म्हणजे माझ्या सल्ल्याशिवाय पान हलत नाही. अडचण अशी की स्टॉक रजिस्टरमध्ये लिहिलंय, डमी, स्त्री, एक नग. तपासणीच्या बाई एकेक वस्तू मोजणार. डमी नाही तर शाळेचा शेरा खराब, आणि शेरा खराब तर माझी मुदतवाढ नाही.

सुचेताचं म्हणणं, नखशिखान्त पट्ट्या बांधलेलं कुणीही चालेल. पण मुली बत्तीसच्या बत्तीस हजर लागणार. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, कोणाला सांगताय?

वैजयंती म्हणाली, "काका, तुमच्याएवढं शांत कोण पडतं? परवा जिन्यावर पडलात, आम्हाला वाटलं गेलात."

हे खरं आहे. माझ्या अटी तीन: मिशी काढणार नाही, इंजेक्शन चालणार नाही, हसायचं नाही. मान्य. मिशी पट्टीखाली जाईल.

२० फेब्रुवारी
रिहर्सल. न हलता पडून राहायचं. दीड मिनिटाने नाक खाजलं. दुसऱ्यांदा दोन मिनिटं. अनुराधाने पट्ट्या इतक्या छान बांधल्या की सोडताना तिला वाईट वाटलं.

निश्चय: तपासणीपर्यंत मुळा, हरभरे, राजमा बंद. डमीला ढेकर येत नाही.

२१ फेब्रुवारी
घरी सराव केला. दुपारी खाटेवर डोळे उघडे ठेवून श्वास रोखून पडलो. मालती चहा घेऊन आली. तिने कप टाकला आणि शेजारच्या शंकररावांना हाका मारल्या. त्यांनी तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं. तरीही मी हललो नाही. शंकरराव रडायला लागले तेव्हा उठलो. ते आता माझ्याशी बोलत नाहीत. आमची सगळी सोनागिरी कॉलनी बघायला आली होती.

पण सराव उत्तम झाला.

२२ फेब्रुवारी, दुपार
तपासणी झाली. सगळं तपशिलाने लिहायचंय.

सकाळी गेटवर रजिस्टर उघडं ठेवलं आणि खुर्चीवर माझी टोपी ठेवली. टोपी असली की माणूस जवळपासच आहे असं वाटतं. मग प्रॅक्टिस-रूममध्ये जाऊन पट्ट्या.

अकराला बाई आल्या. जाड चष्मा, बरोबर निर्मला सिस्टर. पलंगाजवळ थांबल्या. माझ्या पोटाला पेनने टोचलं. म्हणाल्या, "डमी तो बहुत अच्छी है. एकदम असली. कहाँ से मँगवाई?"

सिस्टरनी वाकून माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, "बहुत पुरानी है, मॅडम."

मग बाईंनी नेमकं माझ्या अटीत न बसणारं सांगितलं. वैजयंतीला म्हणाल्या, कमरेत इंजेक्शन देऊन दाखव.

पट्टीतल्या फटीतून मला सुई दिसली. लहानपणी देवीची लस टोचायला आले होते तेव्हा मी दोन दिवस शेतात लपलो होतो. आता कुठे लपणार? मी तेहतीस कोटी देव आठवायला घेतले, पाचावर अडलो. सुई आली. मी हूं की चूं केलं नाही. बाईंनी रजिस्टरमध्ये बरोबरची खूण केली.

आयुष्यात एवढं मोठं काम माझ्या हातून झालं नव्हतं. मुदतवाढ पक्की.

२४ फेब्रुवारी
कमरेत सणका. दोन दिवस बसता येत नाही, उभ्याने लिहितोय. वैजयंती म्हणते, काका, सुई मी उशीत मारली होती. लहान आहे, माझ्या मनाला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलते. शेक घेतोय.

२७ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. सिस्टरनी ऑफिसात बोलावून वाचून दाखवला. शाळा उत्तम. साहित्य उत्तम. डमीविषयी खास शेरा: अशी डमी इतर शाळांनीही घ्यावी.

मग शेवटचा परिच्छेद. सिस्टरनी तो सावकाश वाचला. तपासणीच्या वेळी गेटवर कोणीही नव्हते, फक्त एक टोपी होती. तरीही वसतिगृहाची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. सबब गेटवरील पदाची आवश्यकता दिसत नाही.

मी म्हटलं, सिस्टर, मी होतो. त्या म्हणाल्या, कुठे होतात, खानझोडेजी?

खरं सांगितलं असतं तर बत्तीस मुलींच्या शाळेचा शेरा खराब झाला असता. टोपी घालून बाहेर आलो.

घरी येऊन मालतीला सांगितलं की तब्येतीमुळे मीच नको म्हटलं. तिने ताट वाढलं. खिचडी केली होती.

२८ फेब्रुवारी, रात्री, घरी
शेवटचा दिवस. गेट साडेसात वाजता सोडणार होतो. हजेरी आजपासून सिस्टर घेणार.

साडेपाचला वैजयंती आली. डोळे लाल. मी म्हटलं, पुन्हा ताप का? म्हणाली, "काका, आमच्यामुळे झालं." मी तिला समजावलं की गेट हे माझ्या लायकीचं काम नव्हतंच. ती आणखी रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली की बाजारात एक अर्जंट काम आहे, दुकान बंद व्हायच्या आत जायचंय, हजेरीपर्यंत परत येणं कठीण. सिक-रूममध्ये कोणी पडेल का?

साफ नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे. बाजारात कसलं काम, ते विचारलं. तर सुचेता मागून म्हणाली, शालीचा रंग काकांना कोणता आवडतो?

साडेसातला मी सिक-रूममध्ये ब्लँकेट नाकापर्यंत ओढून पडलो होतो. बाहेर सिस्टर मोजत होत्या. अजिबात हललो नाही. या वेळी टोपी मागे ठेवायची चूकही केली नव्हती.

एकतीसवर आवाज थांबला. पावलं दारात आली.

"खानझोडेजी," सिस्टर हळूच म्हणाल्या, "टोपी काढून झोपत जा. दिसते."

मग बाहेर जाऊन त्यांनी मोठ्याने सांगितलं, बत्तीस. पूर्ण.