बारक्याचा माळ

४ ऑक्टोबर
अहवालावर सही केली. ‘या माळावर बारक्या उरलेला नाही.’ बारक्या म्हणजे नखाएवढा नाकतोडा. हे त्याचं लाडाचं नाव, मीच ठेवलेलं. नर मागचा पाय पंखावर घासून गातो, मी ऐकून मोजते. बाकीचे आवाज टिपणारी यंत्रं लावतात. मी नाही! जन्म गेला कानांनी गणती करण्यात. दरवर्षी कमी कमी होत गेला, यंदा एकही नाही. आणि बारक्या नाही, तर माळ राखायला कारण नाही. तिथं गोदामं होणार. सही करताना रडूच आलं.

५ ऑक्टोबर
खात्यातले साहेब खूश. गोदामांची परवानगी निघालीसुद्धा!

११ ऑक्टोबर
लेक सुट्टीवर आलीय. म्हटलं चल, माळ एकदा बघून घे. गाडीतून उतरली आणि कानांवर हात! “आई गं, केवढी ही किरकिर!”

“कसली?”

“थट्टा करतेस का? कान किटले माझे!”

मला लांबचं कुत्रं ऐकू येत होतं. वारा ऐकू येत होता. बाकी काही नाही.

तिनं मला धरून खाली वाकवलं. काडीवर बारक्या! पाय पंखावर वरखाली, वरखाली — भान विसरून गात होता मेला! नाकासमोर! आणि मला आवाज नाही! शेजारच्या काडीवर दुसरा. पलीकडे आणखी.

सगळे आहेत. गेलेत ते माझे कान.

१२ ऑक्टोबर
कानाचे डॉक्टर म्हणाले, “काकू, वयानं बारीक आवाज आधी जातात. बोलणं नीट ऐकू येतं, म्हणून कळत नाही.” अहो, हे मी वर्गात शिकवलंय! दुसऱ्यांना!

साहेबांना फोन केला. “मॅडम, तुमच्याच सहीवर परवानगी दिली ना? मग तुमच्या आधीच्या गणत्यांचं काय करायचं?”

म्हटलं, फाडून टाका सगळ्या. पण माळ थांबवा.

“लेखी द्या. बघतो.”

लेक म्हणाली, “आई, आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतेयस.” पडू दे.

१३ ऑक्टोबर
लेखी दिलं. लेकीनं मोबाइलवर घेतलेला आवाजही दिला. साहेब मान खाली घालून वाचत होते.

१५ ऑक्टोबर
माळावर गेलो. गोदामवाल्यांची यंत्रं कालच फिरून गेलेली. गवताची काडी नाही, नुसती उकरलेली माती. लेक उभ्या उभ्या रडायला लागली. “काही म्हणजे काही ऐकू येत नाही गं, आई!”

मला फरक कळलाच नाही.