आयांच्या पक्षाला हवा एक पुरुष

१२ मे २०११

ह्नियानं आज धक्क्यावर सगळ्यांसमोर जाहीर केलं — पक्ष काढायचा! तिचा आवाज असा, की बोटीवरची माणसंही वळून बघायला लागली. "बेटावरून स्फाक्स शहरात मोर्चे नेले, साहेबांच्या पायऱ्या झिजवल्या. काय मिळालं? आता त्यांच्याच शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि विचारायचं — आमची पोरं कुठे आहेत?"

बायका हसल्या. मग हसता हसता एकेक जण रडायला लागली.

मार्चमध्ये आमच्या अत्ताया गावाहून जी बोट इटलीकडे निघाली तिच्यात ह्नियाचा रिद्वान होता, माझा साबर होता, बेटावरच्या कितीतरी घरांतली पोरं होती. पोचल्याचा फोन एकाही घरी आला नाही. बुडाल्याचा निरोपही नाही.

मी म्हटलं, "मी शिवणकाम करणारी बाई. मला राजकारणातलं काय कळतं?"

"मब्रूका, देश सोडून पळाले त्या राज्यकर्त्यांना तरी काय कळत होतं?"

१३ मे

घरी नवऱ्याला, मोख्तारला, सांगितलं. जाळं दुरुस्त करत होता. मान वर केली नाही. "तुला करायचं ते कर. मला यात ओढू नकोस."

एवढंच! साबर गेल्यापासून त्याचं नावसुद्धा या माणसानं तोंडातून काढलेलं नाही. त्याची चप्पल दाराशी होती, ती कुठे ठेवली तेही सांगत नाही. बाप आहे की दगड?

२ जून

पक्षाचं नाव ठरलं — 'परतीचा पक्ष'. शाळेतले तौफिक मास्तर म्हणाले, नाव जरा उदास वाटतं. ह्निया म्हणाली, मग तुम्ही आमच्यासारखे जगून बघा, आणि आनंदी नाव सुचवा. मास्तरांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "अर्ज मी लिहून देतो."

१९ जुलै

राजधानीहून परवानगी आली! आम्ही खरोखरचा पक्ष झालो. ह्नियाच्या अंगणात लिंबाचं सरबत केलं. कुणीतरी लग्नातल्यासारखी जीभ हलवून किलकारी दिली — आणि मधेच तोडली. पोरं गेल्यापासून त्या अंगणात असा आवाज झाला नव्हता. सगळ्या खाली बघत सरबत प्यायलो.

१० ऑगस्ट

रोजे चालू आहेत. उन्हात दारोदार फिरून जीभ टाळूला चिकटते. लोक दार उघडतात, बसा म्हणतात. पण आज चहाच्या दुकानाच्या कट्ट्यावर बसलेला एक जण म्हणाला, "मावशी, पोरं तुमचीच पळाली ना? सरकारनं काय हात धरून बोटीत बसवली?"

मी म्हटलं, "कुणी बसवली तेच तर विचारायचंय!"

कुठून आली एवढी हिंमत! तशीच तडक घरी आले. मोख्तारला सांगितलं. उठून बाहेर गेला.

२ सप्टेंबर

ऑक्टोबरातल्या निवडणुकीसाठी आमच्या उमेदवारांची यादी घेऊन स्फाक्सला गेलो. तिथल्या साहेबानं वाचली आणि चष्मा काढला.

"सगळ्या बायकाच?"

"आयांचा पक्ष आहे," ह्निया म्हणाली.

"आयांचा असला तरी मधेमधे बाप लागतात, बाई. एक बाई, एक पुरुष, एक बाई, एक पुरुष. कायदा आहे."

म्हणजे बायकांना जागा मिळावी म्हणून केलेला कायदा, आणि अडलो आम्हीच! माणूस वाईट नव्हता. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. म्हणाला, सात तारखेपर्यंत आणा, पण पूर्ण आणा. एक जरी नाव कमी असेल तर यादी मतपत्रिकेवर येणार नाही.

४ सप्टेंबर

तौफिक मास्तर तयार झाले. फेरीबोटीवरचा हेदीही. आता फक्त एक पुरुष कमी. रिद्वानचे वडील हयात नाहीत. बाकीच्या बापांना विचारलं. एक म्हणाला लोक हसतील. एक म्हणाला, "सही केली म्हणजे पोरगा गेला असं मीच लिहून दिल्यासारखं होईल." त्याला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

जेवताना मोख्तारला म्हटलं. हातातला घास त्यानं ताटात परत ठेवला. "माझं नाव त्या कागदावर नको."

"बाप ना तू त्याचा?"

तो उठला. तसाच उपाशी होडी घेऊन गेला. मी त्याचं ताट तसंच झाकून ठेवलं आणि मनातल्या मनात इतकं वाईट बोलले की इथे लिहिता येत नाही.

६ सप्टेंबर

कुणी मिळालं नाही. ह्निया यादीची घडी घालून घरी निघून गेली.

७ सप्टेंबर

काय लिहू! धक्क्यावर गेलो तर मोख्तार आधीच उभा. दाढी केलेली, अंगात ईदचा सदरा. ह्निया म्हणाली, "कुठे लग्नाला?" तो म्हणाला, "एक नाव कमी आहे म्हणत होतात ना."

साहेबापुढे सही करताना त्याला पेन दुसऱ्यांदा टेकवावं लागलं. यादी घेतली! शिक्का बसला. ह्नियानं भर कचेरीत मोख्तारच्या कपाळाचं चुंबन घेतलं, भावाचं घ्यावं तसं. त्याचा चेहरा पांढरा पडला. लाजला असेल.

परतताना फेरीबोटीवर मी लोकांसमोर त्याचा हात धरला. त्याला दगड म्हटलं होतं मी. देवा, मला माफ कर.

१ ऑक्टोबर

प्रचार सुरू. शाळेच्या भिंतीवर प्रत्येक यादीला एकेक चौकोन रंगवून दिलाय. आमचं चिन्ह दार. आधी कुणीतरी होडी सुचवली होती — सगळ्या एकदम ओरडल्या, नको! आमच्या चौकोनात चिकटवलंय : 'आमच्या मुलांना बोटीत कुणी चढवलं? ती आज कुठे आहेत?'

मोख्तार त्या भिंतीवरून जात नाही. मागच्या खजुरीच्या झाडांमधून लांबच्या वाटेनं येतो. त्याला बघवत नाही. मला तरी कुठे बघवतं?

१३ ऑक्टोबर

बेटावरच्या रम्ला गावात सभा. माणसं थोडी, पण उठून कुणी गेलं नाही. ह्निया काय बोलली! "ज्यानं आमच्या लेकरांना त्या बोटीपर्यंत पोचवलं, त्याचं नाव आम्ही भर सभागृहात घेऊ!" टाळ्या थांबेनात. मीही हात लाल होईपर्यंत वाजवल्या. शेजारी बघितलं तर मोख्तारची खुर्ची रिकामी.

घरी अंगणात बसला होता. ऊन लागलं म्हणाला. डोक्यावर ओला पंचा ठेवला मी त्याच्या.

२२ ऑक्टोबर

आज प्रचार बंद. मोख्तारबरोबर होडीतून समुद्रात गेले. ऑक्टोपस धरायला तळाशी सोडलेली मडकी ओढायला साबर असायचा, आता माझेच हात. पाठ माझ्याकडे करून तो एकदम बोलायला लागला. "इथलं पाणी उथळ. मोठी बोट आत येईना. पोरांना तिथवर न्यायला कुणाची तरी होडी हवी होती. मीच नेली, मब्रूका. ह्याच होडीतून. साबर म्हणाला, आधी आईला सांगून येतो. मी म्हटलं नको, तसाच जा, ती रडेल, तू अडकशील."

मी दोर ओढत राहिले. पुढचं मडकं वर आल्यावर विचारलं, "रिद्वान?"

"तोही. मीच हात धरून चढवला."

उद्या मतदान. ह्निया सकाळी हाक मारायला येणार आहे. दोघांनाही.