आजींच्या पट्ट्या

सोम., २३ जुलै १९९०
हाडांच्या वॉर्डात एक चिनी आजी आल्या. मुलाचं इथे आखातात हॉटेल आहे. वय पंच्याऐंशीच्या आसपास, मनगट मोडलंय. स्पंजिंग करताना पायांवरच्या कापडी पट्ट्या सोडल्या. बाप रे! बोटं दुमडून तळव्याखाली गेलेली, पाऊल माझ्या मुठीएवढं. इतकी वर्षं नर्सिंग केलं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. पट्ट्या लाँड्रीत टाकल्या, मऊ मोजे चढवले. एका बाईला मोकळं केलं म्हणून खुशीत घरी आले.

घरी हेही खुशीत. पुण्याच्या स्थळाकडून होकार. माणसं चांगली, फक्त मुलीने पुढे शिकायचं नाही. मुग्धा नुकतीच अठराची झाली, बारावी झाली, तिला आर्किटेक्ट व्हायचंय. मी म्हटलं, चांगलं स्थळ चालून आलंय, वेडेपणा करू नकोस. "फाइन, आई." दार लावून घेतलं.

मंगळ., २४ जुलै
सकाळी आजींना उभं केलं तर किंचाळल्या. पाय सुजलेले, टेकवेनात. सून धावत आली. "हू टुक द क्लॉथ?" मी! जन्मभर आवळलेले पाय पट्टीशिवाय उभे राहतच नाहीत. करायला गेले एक अन् झालं भलतंच. क्रेप बँडेज गुंडाळायला लागले तर आजींनी हातावर फटका मारला. मग स्वतःच बोटाने दाखवत माझ्याकडून बांधून घेतलं.
"शी सेज, मोर टाइट."

शनि., २८ जुलै
आजींनी मला माफ केलंय. सून दुभाषी. चीनमध्ये बादशहा होता तेव्हाची गोष्ट, आजी पाच वर्षांच्या. आई म्हणाली, परक्या बाईचा हात नको, मीच तुझे पाय बांधते. "रडत होती आणि आवळत होती. मोठ्या पायांची सून कोण करून घेणार? फार जीव होता तिचा माझ्यावर." लग्नानंतर अंगणापलीकडे जाणं क्वचितच.
विचारलं, तुम्हाला मुलगी झाली असती तर? म्हणाल्या, तोवर बंदी आली होती.
नसती आली तर?
"मीच बांधले असते. घट्ट."
चेहऱ्यावर दुष्टपणा नावाला नव्हता. तेच मला सोसेना. घरी हे साखरपुड्याच्या साडीचं बोलत होते. जेवण गेलं नाही.

शुक्र., ३ ऑगस्ट
काल इराकी सैन्य शहरात शिरलं. ड्यूटीवरच अडकले. ज्यांना चालता येतं ते पेशंट घरी पळताहेत. आजींची गाडी सैनिकांनी लांबच अडवली. सुनेने त्यांना पाठीवर घेतलं. मी त्यांचा प्लास्टरचा हात सावरत गेटपर्यंत गेले. परत येताना जिन्यात बसून रडले. डोळ्यांपुढे सारखी मुग्धा.

रवि., १९ ऑगस्ट
आमच्या रिग्गई भागात पाव मिळेना. ह्यांच्या नोकरीचा शुऐब्याचा प्लांट बंद, दिवसभर घरात एकच पालुपद: "अशा काळात वयात आलेली मुलगी म्हणजे जिवाला घोर. देशात पोचलो की आधी लग्न." चूक तरी काय म्हणू? रस्त्यावर सैनिक दिसले की मीही मुग्धाला खिडकीतून आत ओढते.
मुग्धा स्वयंपाकघरात आली. "आई, यू टेल हिम. माझं नाही ऐकणार ते."
मी कांदा चिरत राहिले. लाज वाटते स्वतःची.

सप्टेंबर. तारीख नक्की ठाऊक नाही.
बसमध्ये. बगदादवरून अम्मान, तिथून विमान. आजींचं काय झालं, कळलं नाही. हॉटेलला कुलूप होतं.
हे पुढच्या सीटवर. मागे वळून म्हणाले, "मुंबईहून थेट पुणं. आधी त्यांच्याकडे जाऊन तारीख पक्की करू." मुग्धा खिडकीबाहेर बघत होती.
"नाही," मी म्हटलं.
"काय नाही?"
"आधी कॉलेज. हे लग्न मी होऊ देणार नाही."
आजूबाजूची माणसं बघायला लागली.
"अगं, तिच्या भल्याचंच करतोय ना मी?"
"हो. त्याचीच भीती वाटते."
हे पुढे वळले. मुग्धाने माझा डावा हात धरलाय, सोडत नाही. बॉर्डर अजून आलेली नाही.