न मोजलेली हवा

सोमवार, २२ नोव्हेंबर १९९९

डॉ. कलावतीबाईंची गाडी वर्कशॉपला पुन्हा आली! सेन्सर बदलून आठ दिवसही झाले नाहीत. क्लच दाबला की इंजिन थरथरतं आणि बंद पडतं. काल बंद पडली ती आंबिवलीच्या फाटकात — रुळांवर. मागच्या रिक्षावाल्यांनी ढकलून बाहेर काढली. "मागच्या सीटवर बाळंतीण होती गं," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सेन्सर बदलायचं मीच ठरवलं होतं. स्कॅनरने हवेच्या सेन्सरचा दोष दाखवला, मी तोच धरून बसले. सिल्वेस्टरकाका, आमचे हेडमिस्त्री, तेव्हाच म्हणाले होते, "मशीन फक्त रडते, मॅडम. कुठे दुखतं ते आपण शोधायचं." तीस वर्षं कार्बोरेटर खोलणारा माणूस, त्याला कॉम्प्युटरमधलं काय कळणार — असं वाटलं होतं मला!

मंगळवार, २३ नोव्हेंबर

फिल्टर ठीक. वायरी ठीक. नवा सेन्सर ठीक. गाडी मात्र तशीच. सारखं ते फाटक डोळ्यांसमोर येतं.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "ग्रॅज्युएट घेतली ती कशाला मग?" प्रोबेशनचे पाच आठवडे उरलेत. बाबांनी कोलशेतच्या अख्ख्या कोळीवाड्यात सांगून ठेवलंय — पोरगी वागळे इस्टेटला इंजिनियर आहे. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही.

आणि गाडी तरी कुठली, तर हीच! ऑगस्टमध्ये एकटीने केलेली माझी पहिली सर्व्हिसिंग. इंजिन इतकं लख्ख केलं होतं की डॉक्टर म्हणाल्या, "यात तोंड बघावं!"

बुधवार, २४ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही.

गुरुवार, २५ नोव्हेंबर

सापडलं!!

काकांनी अगरबत्ती पेटवून हातात दिली. "हवा कुठून तरी चोरतेय ती. धूर जिथे आत ओढला जाईल, तिथे चोर." इंजिन चालू ठेवून इंच इंच फिरवली. सेन्सर आणि इंजिनाच्या मधला रबरी पाईप — त्याच्या पोटाखाली धूर एकदम वळला आणि गायब! खालून चिरला होता. म्हणजे सेन्सर मोजतो तेवढीच हवा इंजिन घेत नव्हतं, जास्तीची न मोजलेली आत शिरत होती. पाईप फुगून मऊ पडलेला, बोटाने दाबला तर खळगा पडला. नवा घातला आणि इंजिन शांत झालं. मला रडूच आलं.

काका मात्र खूश दिसले नाहीत. जुना पाईप नाकाशी धरून बराच वेळ उभे होते.

रबर असं फुगतं ते चुकीच्या पदार्थाने, एवढं पुस्तकात वाचलेलं. मी साहेबांना तसाच रिपोर्ट लिहून दिला — पाईप चुकीच्या पदार्थाने धुतल्यामुळे फुगून चिरला. हाताळणीतली चूक. "आता कसं!" साहेब म्हणाले.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

हे काय करून बसले मी?

साहेबांनी ऑगस्टचं जॉबकार्ड काढलं. त्यावर सही काकांची. आमच्याकडे प्रोबेशनवाल्यांच्या कामावर हेडमिस्त्रीच सही करतात. साहेबांनी सहीवर बोट ठेवलं. "म्हाताऱ्यांचं काम नाही राहिलं हे. एक तारखेपासून येऊ नका." काका फक्त "बरं" म्हणाले.

सर्व्हिसिंग मी केली होती, हे बोलायला तोंड उघडलं होतं. पण मी तर पाईप स्वच्छ धुऊन बसवला होता! नंतर दुसऱ्या कुणी हात लावला असेल. असेलच ना?

गप्प बसले.

रविवार, २८ नोव्हेंबर

सकाळी कान्हादादा होडीचं मशीन खोलून बसला होता. सगळे भाग रॉकेलच्या डब्यात. बाबा लांबूनच ओरडले, "अरं येऱ्या, रबर कनाला टाकलास त्याच्यान? फुगंल ना तं!"

मी चहा ठेवून डब्याशी जाऊन बसले.

त्याच डब्यात लहानपणापासून लोखंड धूत आलेय मी. नटबोल्ट, झाकणं. रबर कधी माझ्या वाट्याला आलंच नाही. ऑगस्टमध्ये घरूनच रॉकेलची बाटली नेली होती — इंजिन चकाचक दिसावं म्हणून! पाईप अर्धा दिवस बुडवून ठेवला होता.

बाळंतीण. रूळ. मी.

सोमवार, २९ नोव्हेंबर

काकांना गेटवरच गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"वास येत होता ना. आपल्याकडे रॉकेल वापरतो कोण?"

"मग बोलला का नाहीत?"

"सही माझी. न बघता केली." मग म्हणाले, "तू गप्प राहा, पोरी. माझी दोन वर्षं उरलीत. तुझं आता कुठे सुरू झालंय."

आज पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

साहेबांना सगळं सांगितलं. काका राहिले. उद्यापासून मी नाही.

निघताना काकांनी तो फुगलेला पाईप माझ्या पिशवीत कोंबला. "पुढच्या नोकरीत पहिल्या दिवशी हा दाखव," म्हणाले. "आणि अर्जाला शिफारस लागली, तर सही मागायला माझ्याकडे ये."