सांजवटाचा पलीकडचा काठ

मंगळ., ११ नोव्हें. ९७
गणेश आला आज. दिवाळीच्या तोंडावर त्याचा धाकटा भाऊ बालू गोदेच्या पात्रात, वाळू उपसलेल्या खड्ड्यात बुडाला. त्यानंतर आज पहिल्यांदाच. आला आणि बूथमधल्या स्टुलावर बसून राहिला. दुपारी आमच्या एस.टी.डी.वर कुत्रं फिरकत नाही, आप्पा किराण्याच्या गल्ल्यावर पेंगत असतात, तीच आमची खेळायची वेळ. शेजारच्या दुकानातून मुजीब मशीनवर कापड टाकून आला. शेवटी मुजीबनेच कवड्या काढल्या. "चल बे, नाव सोड. वाती पोचवायच्यात."

सांजवट या आमच्या खेळातल्या गावात गणेश नावाडी, मी वातवाली. तो नाव नदीच्या मध्यापर्यंत नेतो, माझ्या हातच्या वातींची टोपली पाण्यावर सोडतो, ती वाहत पलीकडे लागते आणि तिकडचे दिवे मोठे होतात. पलीकडे कुणी उतरत नाही. तिथं वारलेली माणसं राहतात.

आज त्याने कवड्या मुठीत घेतल्या. मग म्हणाला, "पलीकडं कुणी न्हाई. दिवे बी न्हाईत. नुसतं पाणी चमकतंय."

कवड्या खाली ठेवल्या आणि निघून गेला. चहासुद्धा तसाच.

बुध., १२
दिवसभर डोकं तिथंच. दोन वेळा चुकीचा नंबर लावून दिला, सिरसाळ्याऐवजी भलतीकडेच. गिऱ्हाईक वैतागलं.

नियम वसंतदादाचा. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. औरंगाबादला इंजिनिअरिंगला होता तेव्हा होस्टेलवर हा खेळ पाहून आला. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी त्यात जगायचं, अडलं की फासे. गेवराईत तसले फासे कुठले? सारीपाटाच्या कवड्या घेतल्या. आणि दादाने ठरवलं, कवड्या मुठीत असताना जे बोललं ते सांजवटात घडलं. परत घेता येत नाही. म्हणूनच मुजीब एकदा चेष्टेत "माझी म्हैस उडाली" म्हणाला, ती अजून उडतेय. खाली उतरायचं नावच नाही. दूध काढायला त्याला गच्चीवर जावं लागतं.

मुजीब सांजवटाचा घड्याळजी. जिथं सदाच संध्याकाळ असते तिथं घड्याळ कशाला? पण तो रोज किल्ली देतो. असल्या माणसाशी नियमावरून भांडायचं म्हणजे काय.

मी : "ते खेळातलं बोलणं नव्हतं. दुःखातलं होतं."
तो : "कवड्या हातात व्हत्या का न्हाई, तेवढं सांग."
मी : "होत्या."
तो : "मंग संपलं. आज हे पुसलं तर उद्या समदंच पुसावं लागंल. मंग खरं काय ऱ्हाईल गं आपल्यात?"

राग आला. जास्त राग याचा की त्याचं पटलं.

शुक्र., १४
त्रिपुरी पौर्णिमा. महादेवाच्या देवळात त्रिपूर लावायला गेले. बायका वाती लावत होत्या, दगड तेलाने काळा आणि उबदार. हात आपोआप वाती वळत होता आणि मी इथं नव्हतेच. सांजवटाच्या काठावर बसले होते. जांभळं पाणी, ना ऊन ना अंधार, मुजीबच्या म्हशीची सावली वरून हळूहळू सरकत जाते. आणि पलीकडे, नेहमी जिथं दिवे असायचे तिथं, काही नाही.

आता लिहूनच टाकते. पलीकडचा काठ मी घातला सांजवटात. आई गेली त्या वर्षी दादाने मला खेळात घेतलं, मला बोलतं करायला. मी विचारलं, तुमच्या खेळातली मेलेली माणसं कुठं जातात? तो म्हणाला, तूच सांग. कवड्या हातात दिल्या. मी सांगितलं. तिथल्या दिव्यांत एक बारीक वातीचा आहे. आई तेल पुरवायला वात खाली ओढायची, तसा. तो आईचा. हे कुणालाच ठाऊक नाही. सगळ्यांना वाटतं मी देखाव्यासाठी काठ केला.

गणेशच्या त्या एका वाक्याने आई दुसऱ्यांदा गेली. असं वाटू नये, त्याचं केवढं गेलंय. पण वाटतंय.

रवि., १६
दादाचा पुण्याहून फोन. मी सगळं सांगितलं. वाटलं, जग त्याचं आहे, तो एका शब्दात निकाल लावेल. तर म्हणतो, "अगं, इथं ऑफिसातल्या पोरांना मी सांजवट शिकवलं ना, त्यांचं मत वेगळंच आहे. ते म्हणतात पलीकडे काठच नाही. तुमच्याच काठावरचे दिवे पाण्यात दिसतात."

म्हणजे इतकी वर्षं मी वाती कुणाला पाठवत होते? माझ्याच सावलीला?

मी म्हटलं, त्यांनी पाहिलंय का कधी? तो हसला. "शोभा, एवढं काय मनाला लावून घेतेस? सांग की नावाड्याला स्वप्न पडलं होतं. सुटला प्रश्न."

फोन ठेवल्यावर रडले. आप्पांनी विचारलं, वसंता बरा आहे ना? म्हटलं, बरा आहे, चांगला गलेलठ्ठ झालाय. हे मी मनानेच ठरवलं.

मंगळ., १८
गणेश आला. मेंढरं चुलत्याकडे सोपवून आला होता. मुजीबही होता. मी ठरवलं होतं शांतपणे बोलायचं, पण कसचं काय.

"तू कधी उतरलायस रे पलीकडे? मध्यावरून परत येतोस आणि सांगतोस कुणी नाही!"

तो खालीच बघत होता. "मी तळाला गेलतो, शोभा. खऱ्या नदीच्या. बालूला हुडकत. बुड्या मारून मारून छाती फुटायची येळ आली. हाताला गाळ लागायचा, दुसरं काय न्हाई. आन् तुमी म्हंता दिवे लावून बसलेत लोकं."

मुजीबने मशीनचं तेल लागलेला हात पँटला पुसला, परत पुसला. आणि मी, जे कधी सांगणार नव्हते ते सांगून बसले. आईच्या दिव्याचं.

गणेश म्हणाला, "मंग ह्ये आधी कावून न्हाई सांगितलंस?"
"सांगितलं असतं तर नसतास बोललास?"
"बोललो असतो," तो म्हणाला. "मला तसंच दिसलं."

खोटं बोलला नाही याचा राग यावा की बरं वाटावं? बरंच वाटलं.

मग मुजीब घड्याळजीच्या आवाजात म्हणाला, "नावाड्यानं मधनं बगितलं. मधनं कुणी दिसलं न्हाई, ह्ये खरं धरायचं. पर तिथं उतरून कुणी बगितलंच न्हाई. उतरणाऱ्याला दिसंल ते बी खरं धरावं लागंल. आता उतरणार कोन?" उतरलेला परत येत नाही, हा तर त्या काठाचा सगळ्यात जुना नियम. तोही माझाच.

गुरु., २०
आप्पा जेवताना म्हणाले, "आज लई गप गप हायस." काय सांगू? मला एका नदीच्या पलीकडे जायचंय, तिथून माघारी येता येत नाही, पण उद्या सकाळी दुकान मीच उघडेन, काळजी करू नका.

वातवाली गेली की मी खेळात कोण? मुजीब म्हणतो, नवीन कुणीतरी हो. पण नवी बाई वातवालीची आठवण घेऊन येणार नाही. इतकी वर्षं ज्या संध्याकाळी मी राहिले ती संध्याकाळ मला लांबून, ऐकीव होऊन जाणार. आणि पलीकडे खरंच कुणी नसलं तर एवढं सगळं देऊन मी रिकाम्या वाळूवर उभी.

तरी जायचं. गणेशला निरोप धाडला.

शनि., २२
डाव्या हाताने लिहितेय. उजव्यात कवड्या आहेत.

आज गणेशने नाव मध्यावर थांबवली नाही. डोळे मिटून तो सांगत गेला. पाणी कसं जड होत जातं, वल्ह्याचा आवाज कसा आधी येतो आणि वल्हं नंतर, मागचा काठ कसा पुसत जातो. नाव सोडताना त्याने कवड्या माझ्या हातात दिल्या होत्या, म्हणजे तो काहीही बोलला तरी ते पक्कं होणार नव्हतं, तरी इतकं जपून बोलत होता. मुजीबने घड्याळाला किल्ली दिली नाही. नाव वाळूला लागली. मी उतरले. मुजीब हळूच म्हणाला, "बोल. काय दिसतंय?"

आणि मला बोलता येईना. "आई" हा शब्द ओठांवर होता. सगळं सोपं होतं. पण बोलले की ते झालंच, आणि मला खरंच दिसायला हवं होतं, नुसतं बोलायचं नव्हतं. तेवढ्यात बूथला गिऱ्हाईक. मी मूठ न उघडता फोन लावून दिला. डाव्या हाताने पैसे घेतले तर आप्पा भडकले, "लक्ष्मी हाय ती! उजव्याला काय मेंदी लावलीस?" मुजीबच्या दुकानात कुणीतरी नवरदेवाचं माप द्यायला आलं, तो गेला. डाव उभाच.

गणेशला नांदूरघाटची गाडी धरायची होती, मामाकडे. दारात थांबला. चपलेचा पट्टा सारखा करत राहिला, सारखाच होता तो. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हाफ चड्डीतलं पोरगं हाय का बग एखादं. लगीच सांगू नगो. नीट बग." आणि निघाला.

तेव्हापासून मूठ मिटलेलीच. जेवले डाव्या हाताने, आप्पा पुन्हा बोलले. डोळे मिटते. वाळू दिसते, ओली, संध्याकाळच्या रंगाची. आई लगेच दिसेल वाटलं होतं. बालूला तर मी जेमतेम दोनदा पाहिलेलं, त्याचा चेहराही धड आठवत नाही.

मी काहीही म्हटलं तरी गणेश खरं मानणार. तोच मानणार, जो म्हणाला होता मला तसंच दिसलं.

तो सोमवारी परत येतोय. तोवर मला काहीतरी दिसायला हवं.