आण्णांनी परत लावलेली माणसं

१२ मार्च
गावी. यात्रा. डोपिंग तपासणीच्या ॲपवर पत्ता बदलला, हजर राहायची वेळ तीच, पहाटे पाच ते सहा. कोच सरांचा मेसेज, "पत्ता टाकलास का?" टाकला हो. दोनदा सापडले नाही डोपवाल्यांना, एकदा बस बंद पडली, एकदा जुनाच पत्ता राहिला. तिसऱ्यांदा चुकलं की बंदी. पुढच्या महिन्यात स्टीपलचेसची, अडथळ्यांच्या शर्यतीची, निवड चाचणी. यंदा टायमिंग बसतंय, लय बरं वाटतंय.

१३ मार्च
विट्याच्या स्थळाचा मामा परत फोनवर. मी नकार दिला ते झोंबलंय. "पोरगीला उचलून न्हिऊ," म्हणाला आण्णांना. आण्णा जेवले नाहीत.

१४ मार्च
पाळी. पोटात कळा, पळायला गेलेच नाही. उशिरा उठले. आण्णा चहा पीत खुशीत.
"विट्याची माणसं आलती. दोन गडी, एक बाई. तुजं पुरं नाव घिऊन इचारत व्हती. म्हटलं, म्हमईला गेली."
"मग?"
"तासभर गाडीत बसली दारासमोर. मी बी काठी घिऊन उंबऱ्यावर बसलो. गेली शेवटाला."
"आण्णा, गळ्यात कार्ड होतं का त्यांच्या?"
"व्हतं कायतरी."
फोन बघितला. पोरीला झोपू दे म्हणून आईनं आवाज बंद केलेला. दिल्लीचा मिस्ड कॉल, सहाला थोडं कमी असताना.
डोपवाले लघवीचा नमुना घ्यायला येतात, हे मी घरी कधी नीट सांगितलंच नव्हतं. आण्णांसमोर कसं बोलायचं म्हणून. आज सांगितलं. मी खूप ओरडले आण्णांवर. ते काठी कोपऱ्यात ठेवून मेंढरांकडं गेले.

१७ मार्च
सातारा. सर आधी चिडले. मग वकिलाला फोन लावला. त्यानं दोन वाटा सांगितल्या.
खरं सांगायचं, तर मी आत होते आणि बापानं नाही म्हणून सांगितलं. म्हणजे लपले, असं धरतील. चार वर्षं बंदी.
घरात नव्हतेच म्हटलं तर नुसती चुकलेली टेस्ट. दोन वर्षं, कदाचित कमी.
सर म्हणाले, "तुझं तू ठरव. मी ऐकलं नाही काही."
वा.

२१ मार्च
मैदानावर गेले. पोरी पाण्याच्या उडीवर. बाकावर बसून बघितलं. एकीनं विचारलं, "ताई, दुखापत का?" हो म्हटलं.
चार वर्षांनी कोण पळवतंय मला. रडायला पण येत नाही, नुसता राग. आण्णांचा, त्या मामाचा, माझा.

२ एप्रिल
सुनावणी उद्या, लॅपटॉपवर. आण्णांना साक्षीला बोलावलंय. सकाळच्या गाडीनं आले, इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. खोलीत खुर्ची दिली तरी खालीच बसले. माझ्याकडं बघत नाहीत.
म्हटलं, "आण्णा, शपथेवर बोलावं लागंल."
"बोलतो की. खंडोबाची घालू दे, न्हाईतर पोराबाळांची."
 आण्णांनी भाकरीचं फडकं सोडलं, चटणी माझ्याकडं सरकवली.
"तू फकस्त सांग. त्या दिवशी तू घरात व्हतीस का न्हवतीस?"
अजून सांगितलेलं नाही.